उंची कमी म्हणून ज्याला लांब उरलमध्ये धाडलं, त्यानेच कॅनडाला त्यांच्या घरात जाऊन रडवलं

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण रशिया आणि कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथे चेंडू नसतो, रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. आणि या हॉकीत रशियन लोकांचा जीव की प्राण असलेलं नाव म्हणजे व्हॅलेरी खारलामोव्ह.

जन्म १९४८ चा, मॉस्कोतला. वडील कारखान्यात कामाला. आई स्पेनची, तिथल्या यादवी युद्धाच्या वेळी लहानपणी सोव्हिएत रशियात आलेली. पोरगा आजारी पडला, हृदयावर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी खेळायलाच बंदी घातली. वडिलांनी काय करावं? आईला न सांगता पोराला थेट लष्कराच्या सीएसकेए क्लबच्या रिंकवर नेलं.

तिथे अनातोली तारासोव्ह नावाचे कोच होते. दरारा एवढा की खेळाडू चळाचळा कापायचे. कॅनडाच्या धिप्पाड गड्यांना भिडायचं तर आपलेही गडी दांडगे हवेत, असा त्यांचा हिशोब. खारलामोव्ह जेमतेम पाच फूट आठ इंच. १९६७ मध्ये त्याला उरलमधल्या चेबारकुल या छोट्या गावच्या लष्करी संघात पाठवलं गेलं. तिथे भरपूर खेळायला मिळालं, पठ्ठ्याने तिशीच्या वर गोल ठोकले आणि १९६८ मध्ये तारासोव्ह यांनीच त्याला परत बोलावलं. मिखाइलोव्ह आणि पेत्रोव्ह यांच्यासोबत त्याची तिकडी जमली. १९६९ मध्ये तो जगज्जेता झाला.

सगळं जुळून आलं असताना तारासोव्ह यांनी ही तिकडीच फोडली.

विषय असा होता. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर सोडून पाच जण खेळतात, दोन बचावाला आणि तीन पुढे. तारासोव्ह यांनी नवी मांडणी काढली. सगळ्यात मागे एक, मध्ये दोन हाफबॅक आणि पुढे फक्त दोन. खारलामोव्हला फिरसोव्ह आणि विकुलोव्ह यांच्यासोबत टाकलं. फिरसोव्ह स्वतः नावाजलेला फॉरवर्ड, पण आता तो मागे राहून पास पुरवणार होता.

खारलामोव्हसाठी हे सोपं नव्हतं. जुने जोडीदार कुठे असतील, हे त्याला न बघता कळायचं. आता पुढचा एक माणूस कमी झाला होता. पण त्याच माणसाची जागाही मोकळी झाली होती, आणि मोकळ्या जागेत याला अडवणं अवघड. १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये त्याने पाच सामन्यांत नऊ गोल केले. सोव्हिएत संघाला सुवर्ण मिळालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी आठ सामन्यांची मालिका झाली. कोच बदलले होते, आता बोब्रोव्ह होते. मॉन्ट्रियलच्या पहिल्याच सामन्यात खारलामोव्हने दोन गोल केले, कॅनडा ७-३ ने हरला. अख्खा देश सुन्न. सहाव्या सामन्यात कॅनडाच्या बॉबी क्लार्कने स्टिकने त्याच्या घोट्यावर वार केला. सातव्या सामन्याला तो नव्हता, आठव्यात दुखऱ्या पायाने उतरला. मालिका कॅनडाने एका सामन्याच्या फरकाने जिंकली. तो वार झाला नसता तर काय, हा वाद आजही चालतो.

१९७६ मध्ये कार अपघातात पाय मोडला, तरी त्याच वर्षी तो रिंकवर परतला. १९७७ मध्ये व्हिक्टर तिखोनोव्ह आले. त्यांचं गणित वेगळं. एका वेळी मिनिटापेक्षाही कमी खेळायचं, पूर्ण दमाने पळायचं आणि बाहेर यायचं. मोडलेल्या पायाच्या, तिशीकडे झुकलेल्या कलाकाराला हे जड जाणारच. तरी तो चार वर्षं टिकला.

१९८१ च्या कॅनडा कप स्पर्धेसाठी मात्र तिखोनोव्ह यांनी त्याला वगळलं. संघ कॅनडाला गेला, तो मागे राहिला. २७ ऑगस्टला मॉस्कोजवळ पुन्हा कार अपघात झाला. गाडी बायको चालवत होती. दोघंही गेले, मागे दोन लहान मुलं राहिली. खारलामोव्ह ३३ वर्षांचा होता.

बातमी पोहोचली तेव्हा संघ कॅनडातच होता. १३ सप्टेंबरला फायनल झाली, मॉन्ट्रियलच्या त्याच रिंकवर. सोव्हिएत संघाने कॅनडाला ८-१ ने हरवलं.