टस्कीगीची वीटभट्टी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, एका मळ्यावर, १८५६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म झाला. आई गुलाम होती, म्हणून मूलही जन्मतःच गुलाम ठरले. १८६५ साली यादवी युद्ध संपले व गुलामगिरी नष्ट झाली. पुढे मिठाच्या भट्ट्यांवर आणि कोळशाच्या खाणीत मजुरी करीतच बुकर अक्षरे शिकले. १८७२ साली बरीचशी वाट पायी तुडवीत ते हॅम्प्टनच्या विद्यालयात पोहोचले. प्रवेशपरीक्षा म्हणून त्यांना एक खोली झाडावयास सांगण्यात आले. त्यांनी ती तीन वेळा झाडली, चार वेळा पुसली आणि प्रवेश मिळविला.

१८८१ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी गावी कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. सरकारने दरसाल २,००० डॉलर मंजूर केले होते. पण ते केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही! ४ जुलै रोजी एका मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांची शाळा भरली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी आणि धडा पुढे चाले.

लवकरच एक ओसाड मळा विकत घेण्यात आला. शेत पिकवावयाचे, इमारती उभारावयाच्या, त्याही विद्यार्थ्यांनीच, असा वॉशिंग्टन यांचा निश्चय होता. मुले नाराज झाली. पालकांनी तक्रारी केल्या. पिढ्यानपिढ्या राबलेल्या त्या लोकांना आपल्या मुलांच्या हाती कुदळ नव्हे, पुस्तक हवे होते. त्यात त्यांची चूक ती काय? वॉशिंग्टन वाद घालीत बसले नाहीत. कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते स्वतः रान तोडावयास निघाले. मुले हळूहळू मागून आली.

विटा पाडणे मात्र फार कठीण गेले. गुडघाभर चिखलात तासन् तास उभे राहावे लागे. कंटाळून काही जण शाळाच सोडून गेले. पहिली भट्टी फसली, दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर नीट जळत राहिली आणि अखेरीस एका मध्यरात्री कोसळली. पैसा संपला. सहकारी शिक्षकांनी हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ माँटगोमेरी शहरात १५ डॉलरना गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली! घड्याळ मात्र मुदतीत सोडविता आले नाही. ते गेले ते गेलेच.

विटा उत्तम निघू लागल्या. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळा नकोशी होती, तेही विटा घेण्यासाठी शाळेच्या दारी येऊ लागले. पुढे सुतारकाम, लोहारकाम, गाड्या बांधणे, छपाई असे अनेक उद्योग तेथे शिकविले जाऊ लागले. शेतीशास्त्र शिकविण्यासाठी १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना चांगले ओळखतात.

वॉशिंग्टन यांच्यावर टीकाही झाली. नुसत्या धंदेशिक्षणाने समाज वर येणार नाही, त्यास उच्च शिक्षण आणि मताधिकारही हवा, असे विद्वान विचारवंत डू बॉइस यांनी १९०३ साली मांडले. या टीकेत तथ्य होते.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी टस्कीगी येथे वॉशिंग्टन यांचे निधन झाले. त्या वेळी शाळेत सुमारे १,५०० विद्यार्थी शिकत होते आणि आवारात शंभराहून अधिक लहानमोठ्या इमारती उभ्या होत्या. त्यांतील कित्येक विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या होत्या. त्याच आवारात त्यांचे दफन करण्यात आले.