उमाजी नाईक

उमाजी नाईक खोमणे (७ सप्टेंबर १७९१, भिवडी, ता. पुरंदर – ३ फेब्रुवारी १८३२, पुणे) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीविरुद्ध बंड करणारे रामोशी समाजातील नेते होते. त्यांना आद्य क्रांतिकारकांपैकी एक मानले जाते. कंपनीच्या कागदपत्रांत मात्र त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून झाली. एका समाजाच्या उपजीविकेचा ऱ्हास आणि त्याच समाजावर पुढे बसलेला गुन्हेगारीचा शिक्का यांचा संबंध समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र महत्त्वाचे ठरते.

पूर्वजीवन

उमाजींच्या वडिलांचे नाव दादोजी आणि आईचे लक्ष्मीबाई. खोमणे घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या रखवालीचे काम परंपरेने होते. मराठी राज्यात गड, गाव आणि वाटा राखण्याची जबाबदारी रामोशी समाजाकडे असे. गावात चोरी झाल्यास चोराचा माग काढणे किंवा नुकसान भरून देणे हे रामोश्याचे कर्तव्य मानले जाई. या कामाच्या मोबदल्यात त्यांना इनाम जमीन आणि गावाकडून धान्य मिळे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच पुरंदरच्या रामोश्यांच्या हक्कांवर गदा येऊ लागली होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. किल्ले कंपनीच्या ताब्यात गेल्यामुळे गडांवरील शिबंदीची गरज उरली नाही. रखवालीवर जगणारी अनेक कुटुंबे उत्पन्नाला मुकली आणि त्यांतील काही लोक लुटीकडे वळले.

बंड

सुरुवातीच्या काळात उमाजींना एका दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला. तुरुंगात असतानाच ते लिहायला-वाचायला शिकले. सुटकेनंतर ते सत्तू नाईक यांच्या टोळीत सामील झाले. १८२४ मध्ये या रामोश्यांनी खडकीलगतच्या भांबुर्डे (सध्याचे शिवाजीनगर) येथील सरकारी खजिना लुटला. सत्तू नाईकांच्या मृत्यूनंतर नेतृत्व उमाजींकडे आले. त्यांनी स्वतःला राजा म्हणवून घेतले, दरबार भरवला आणि गावांकडून वसूल गोळा केला. डोंगराळ मुलखाची माहिती आणि गावकऱ्यांचा आसरा यांमुळे ते कंपनीच्या हाती लागत नव्हते.

बळाचा वापर निष्फळ ठरल्यावर सरकारने उमाजींना माफी देऊन आपल्या नोकरीत घेतले आणि मुलखाच्या बंदोबस्ताचे काम सोपवले. कालपर्यंत ज्यांच्यावर इनाम लावले होते, तेच काही काळ सरकारचे पगारी रखवालदार झाले. ही तडजोड टिकली नाही. १८३० च्या सुमारास त्यांनी पुन्हा बंड केले. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडावी आणि त्यांना सारा देऊ नये, असे आवाहन त्यात होते.

अटक आणि फाशी

बंड मोडण्याची कामगिरी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांच्याकडे होती. सरकारने उमाजींना पकडून देणाऱ्यास १०,००० रुपये आणि जमीन देण्याचे जाहीर केले. डिसेंबर १८३१ मध्ये जुन्या सहकाऱ्यांच्याच फितुरीमुळे ते भोरजवळील उत्रौली येथे पकडले गेले. पुण्यात खटला चालून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. फाशीनंतर दहशत बसावी म्हणून त्यांचे शव झाडाला टांगून ठेवण्यात आल्याचे सांगितले जाते.

मॅकिन्टॉश यांचा ग्रंथ

मॅकिन्टॉश यांनी रामोशी समाजाची उत्पत्ती, चालीरीती आणि सद्यःस्थिती यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात उमाजींचे चरित्रही आहे. तो १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. उमाजींविषयीच्या माहितीचे ते प्रमुख समकालीन साधन आहे. तथापि, ज्या अधिकाऱ्याने त्यांना पकडले त्यानेच ते लिहिले असल्यामुळे ते चिकित्सकपणे वाचावे लागते. रामोश्यांच्या हक्कांची माहिती या ग्रंथात मिळते. मात्र संपूर्ण समाजाकडे बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहण्याची प्रशासकीय दृष्टीही त्यात दिसते.

जन्मावरून गुन्हेगारी

ही दृष्टी पुढे कायद्यात उतरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने विशिष्ट जमातींच्या लोकांची नोंदणी, हजेरी आणि प्रवासावरील निर्बंध यांची तरतूद केली. व्यक्तीवर गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही तिचा जन्म कोणत्या जमातीत झाला यावरून हे निर्बंध लागू होत. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या.

याच काळात युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना फौजदारी खटल्यांत विशेष संरक्षण होते. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार जिल्ह्यांतील भारतीय न्यायाधिकाऱ्यांना त्यांच्यावर खटला चालवता येत नसे. ही विषमता दूर करण्यासाठी आणलेल्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाला युरोपीय समाजाने तीव्र विरोध केला. तडजोडीअंती आरोपी युरोपीयांना निम्मे ज्यूरी सदस्य युरोपीय किंवा अमेरिकन असावेत, अशी मागणी करण्याचा हक्क मिळाला. अशा रीतीने जन्मामुळे एका गटाला कायद्याचे कवच मिळाले, तर दुसऱ्या गटांवर कायद्याचा संशय आला.

प्रत्यक्ष व्यवहार मात्र या समजुतीशी विसंगत होता. पुण्याच्या लष्करी छावणीतील बंगल्यांवर राखणीसाठी रामोशी चौकीदार ठेवण्याची प्रथा युरोपीय रहिवाशांत रूढ होती.

वारसा

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावात दौलतराव नाईक यांच्यासह अनेक रामोशी सहभागी झाले होते. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यातून मुक्त झालेल्या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जातात. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचा समावेश आहे. ७ सप्टेंबर रोजी राज्यात उमाजी नाईक यांची जयंती साजरी केली जाते.