कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मंदिराच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत

दादासाहेब गायकवाड म्हटले की आपल्याला नाशिकचा काळाराम सत्याग्रह आठवतो. परंतु आपल्या मराठवाड्यावर त्यांचे खरे ऋण आहे ते जमिनीच्या लढ्याचे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पुढे पाच वर्षे तो नेटाने चालविण्यात दादासाहेबांचा मोठा वाटा होता. मंदिराचे दार उघडले नाही, पण माणसे मात्र जागी झाली.

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला. खेड्यापाड्यांतील आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, बलुते सोडले. मग अनेक गावांनी काय केले? शेतातले काम बंद, किराणा बंद, गिरणीत दळण बंद! घटनेने समान केलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या चुलीपुढे लाचार होऊन बसला. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या बांधावर, त्याला मान वर करून बोलता येत नाही. बाबासाहेबांनाही हीच चिंता होती. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनी भूमिहीन मजुरांबद्दलची खंत बोलून दाखविली होती. मराठवाड्यात तर १९५३ सालीच भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला होता.

हे अपुरे काम दादासाहेबांनी खांद्यावर घेतले. १९५७ साली ते लोकसभेत गेले, पण नुसते दिल्लीत बसून राहिले नाहीत. १९५९ मध्ये मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. मागणी साधी होती : सरकारी पडीक जमीन आम्हाला कसायला द्या. ६ डिसेंबर १९६४ पासून हाच लढा देशभर पेटला. जमिनीबरोबर किमान वेतनाचीही मागणी होती. तीन लाखांवर लोक तुरुंगात गेले. त्यात आपल्या आयाबहिणीही होत्या. ज्यांच्याकडे गमावायला रोजच्या मजुरीशिवाय काही नव्हते, त्यांनी तीही पणाला लावली!

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. पुढे १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. २००४ साली त्यांच्याच नावाने योजना आली. त्यात भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची होती. पण कागदावरची जमीन आणि नांगराखालची जमीन यांत अंतर फार! कुणाच्या वाट्याला खडक आला, कुणाचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही.

आपण शहरात आलो, चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांत लागलो, घरे बांधली. गावाकडचा भाऊ मात्र अजून दुसऱ्याच्या शेतात सालाने राबत असेल. या जयंतीला दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून झाला की एक काम करू या. गावाकडे जाऊन भावाच्या गायरानाचा सातबारा काढून पाहू या, आणि नाव नसेल तर तहसिलात त्याच्या सोबत उभे राहू या.

कर्मवीरांना विनम्र अभिवादन. जय भीम!