निराधार स्त्रियांची माउली : पंडिता रमाबाई



महोत्सवाच्या या आनंदांत आपण प्रभूच्या घराविषयीं पुष्कळ बोलतों. अशा वेळीं जिला रात्रीं पाठ टेकण्यासही जागा नाहीं, त्या स्त्रीचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्य आहे. म्हणून पंडिता रमाबाईंचें चरित्र येथें थोडक्यांत सांगतों. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. परंतु निराश्रित स्त्रीला स्वतःच्या पायांवर कसें उभें करावें, हें त्यांच्याइतकें फार थोड्यांनीं जाणिलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवादास न भितां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें होतें. आल्यागेल्याचा पाहुणचार करतां करतां घरची चीजवस्तु सरली. रमा अवघी सहा महिन्यांची असतां तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून कुटुंबानें घर सोडलें. पुढें तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडणें हाच त्यांचा संसार झाला. लेकीस संस्कृत पढविलें तें आईनेंच.

उपासमारीनें खंगलेले वडील १८७४ सालीं वारले; पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. आईस खांदा देण्यास पुरेशीं माणसें मिळेनात, तेव्हां मुलीनेंच चौथा खांदा दिला. उंची कमी म्हणून तिनें तो भार डोक्यावर घेतला. त्यानंतर बहीणभाऊ पायीं देश हिंडले. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी असह्य झाली, तेव्हां दोघांनीं वाळूंत खड्डे खणले व अंगावर वाळू ओढून रात्र काढली. बेघरपण म्हणजे काय, हें रमाबाईंना ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी मेधावी या वकिलांशीं विवाह केला. परंतु १८८२ सालीं पतीही गेले, आणि तान्ह्या मनोरमेसह त्या विधवा झाल्या.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें अँग्लिकन धर्मभगिनी पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची प्रेमानें सेवा करितात, हें पाहून त्यांचें मन हेलावलें. त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें अमेरिकेंत साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विवाह केला. त्याच वर्षीं धर्मांतराविषयीं मोठें वादळ उठलें आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहींत.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या. अन्नावांचून व आसऱ्यावांचून भटकणाऱ्या मुलींना दुष्ट लोक कसे नासवितात, हें त्यांनीं पाहिलें, आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया आश्रयास आणिल्या. पुण्याजवळ केडगांव येथील माळरानावर प्रथम तात्पुरते निवारे झाले. मग विहिरी, शेती व पक्क्या इमारती झाल्या. हेंच मुक्ति सदन. आपल्या वऱ्हाडासही होरपळणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही निराश्रित आणिले गेले, आणि तेथील संख्या सुमारें २,००० झाली.

रमाबाईंनीं एवढ्या जणींस नुसतें बसवून खाऊं घातलें नाहीं. आधीं शुश्रूषा, मग अक्षरओळख, मग हातांस काम, असा क्रम ठेविला. विणकाम, शिवणकाम, दूधदुभतें, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, हीं कामें स्त्रियाच करूं लागल्या. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका. कोणी आपला संसार थाटला. पुरुषांनीं फसविलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. वृद्ध व अंध स्त्रियांचीही निराळी व्यवस्था झाली. जुलै १९२१ मध्यें कन्या मनोरमा निवर्तल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनींही देह ठेविला. केडगांवचें कार्य आजही चालू आहे.

वाचकहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं कितीएक घरें उघडीं पडलीं आहेत. नवरा गेला, सातबाऱ्यावर नांव नाहीं, आणि सासरच्या ओसरीवर ती परकी झाली, अशी भगिनी दूर शोधावयास नको. तिला एक दिवस शिधा देऊन आपलें मन शांत होईल, पण तिचें घर उभें राहणार नाहीं. तिच्यासोबत तलाठ्याकडे जाणें, ग्रामपंचायतीच्या घरनोंदींत तिचें नांव लागेपर्यंत पाठ न सोडणें, तिच्या हातास काम व मुलांस शाळा मिळवून देणें, ही खरी दया होय. बेथलेहेमांत ज्या मातेस उतरावयास जागा मिळाली नाहीं, ती पवित्र मरिया आपल्या धर्मग्रामास अशी दया करण्याचें बळ मिळवून देवो. आमेन.