अडचण आणि सबब : लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र

आमच्या भंडारा जिल्ह्याच्या उत्तर अंगास, तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या पदरचा सरदार राजाखान पठाण यानें तो सुमारें १७०० सालीं बांधिला, असें सांगतात. पुढें नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत या किल्ल्याचा तुरुंग झाला. किल्ल्यांतील विहिरीचें सांचलेलें पाणी कैद्यांस प्यावें लागे व त्यानेंच ते मरत, अशी कथा या बाजूस प्रसिद्ध आहे. आकाशांतून पडलें तेव्हां तें पाणी इतर पाण्यासारखेंच निर्मळ होतें. एके जागीं कोंडून राहिलें म्हणून तें विष झालें. मनुष्याच्या अंगच्या गुणांचेंही असेंच आहे. वापरांत असलेला गुण दिवसेंदिवस वाढतो. कोंडून ठेवलेला गुण नुसता निरुपयोगी होत नाहीं, तर धन्याचें मनही कुजवितो.

आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें प्रभु येशूचा एक दृष्टांत ऐकिला आहे. परदेशीं जाणाऱ्या एका धन्यानें तीन चाकरांजवळ आपलें द्रव्य ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें सोंपविलें. दोघांनीं त्याचा व्यापार करून तें दुप्पट केलें. तिसऱ्यानें आपला वांटा जमिनींत पुरला, आणि धनी परत आल्यावर त्याच्याच कडकपणाची सबब पुढें केली. हा तिसरा चाकर चोर नव्हता, उधळ्याही नव्हता; त्यानें कांहींच केलें नाहीं, हाच त्याचा अपराध. इंग्रजी भाषेंत बुद्धि किंवा अंगचा गुण या अर्थाचा जो शब्द रूढ आहे, तो याच दृष्टांतांतील द्रव्याच्या परिमाणाच्या नांवावरून आला आहे.

परंतु विद्यार्थी आम्हांस विचारतील कीं, आमच्या अडचणी का खोट्या आहेत? तशा त्या नाहींत. कोणाच्या घरीं आई रात्रीं उशिरापर्यंत विड्या वळते व मुलीला पानें कापावीं लागतात. कोणाला उन्हाळ्यांत तेंदूच्या पानांसाठीं रानांत व पावसाळ्यांत रोवण्यासाठीं बांधींत जावें लागतें. ही अडचण होय, सबब नव्हे. अडचण बाहेरून येते. सबब आपण घरीं तयार करतों. अडचण मार्ग अडविते. सबब दुसरा मार्ग शोधूंच देत नाहीं. या दोहोंतील भेद ज्यांच्या आयुष्यांत उघड दिसतो अशा एका थोर बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर या खेड्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली होती. त्या धक्क्यानें वडील नाना गोखले यांच्या मनावर विलक्षण परिणाम होऊन त्यांना सोंवळ्याओंवळ्याचें वेडच लागलें. बाहेरून आलेली जिन्नस धुतल्यावांचून घरांत येऊं नये, असा त्यांचा दंडक. अशा घरांत मुलीच्या शिक्षणाचा विचार कोठून येणार? शाळेचें तोंड न पाहतांच, वयाच्या ११ व्या वर्षीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें.

टिळक प्रतिभावान कवि, उत्तम वक्ते व संस्कृताचे जाणते होते. पण संसाराच्या दृष्टीनें ते वादळासारखे होते. मनांत आलें कीं घर सोडून जात. हातांत पैसा आला कीं कोणा गरजूला देऊन टाकीत. रागावत लौकर व विरघळत त्याहून लौकर. एका जागीं फार दिवस राहणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. त्यांच्यामागून बिऱ्हाड हलवितां हलवितां लक्ष्मीबाईंचें तारुण्य गेलें. कांहीं मुलें हातीं लागलीं नाहींत, तेंही दुःख त्यांनीं सोसलें. याच धांवपळींत टिळकांनीं त्यांना लिहावयास वाचावयास शिकविलें. शिकविणारा उतावळा, शिकणारीच्या डोक्यावर घरकामाचा भार. तरी जें मिळालें तें लक्ष्मीबाईंनीं घट्ट धरून ठेविलें.

या दांपत्याचा आमच्या प्रांताशींही संबंध आला. टिळक नागपुरास असत व पुढें राजनांदगांव संस्थानांत नोकरीस गेले; लक्ष्मीबाईही तेथें राहिल्या. नागपूरहून राजनांदगांवास जाणारी आगगाडी भंडारा रोड, तुमसर रोड व गोंदिया या ठाण्यांवरून, आंबागडच्या डोंगरांस उत्तरेकडे टाकून जाते. सुमारें १८९३ सालीं याच मार्गावरील प्रवासांत टिळकांची एका मिशनऱ्याशीं गांठ पडली व त्यानें त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाचा शेवट १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस टिळकांच्या बाप्तिस्म्यांत झाला.

लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. कर्मठ घरांत वाढलेली स्त्री, पदरीं लहान मुलगा, आणि पति जिवंत असून दुरावलेला. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणीं आप्तांच्या आश्रयानें त्यांनीं कित्येक वर्षें काढिलीं. लोकांची कींव व लोकांचे टोमणे हीं दोन्ही त्यांच्या वांट्यास आलीं. आपलें नशीब फुटलें, आतां कसलें शिकणें आणि कसलें लिहिणें, असें म्हणावयास यापरता सबळ आधार कोणता हवा? पण नेमक्या याच काळांत त्यांच्या हातून कविता होऊं लागली. दुःखानें त्यांच्या मुक्या राहिलेल्या शब्दांना वाट करून दिली.

पुढें पतिपत्नींची पुन्हां भेट झाली. तरी लक्ष्मीबाईंनीं नवऱ्याच्या मागून आंधळेपणानें पाऊल टाकिलें नाहीं. नगरकडे आल्यावरही प्रथम त्यांनीं आपलें सोंवळें वेगळेंच ठेविलें होतें. माणसामाणसांत उच्चनीच भेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं आपल्याच मनाशीं सोडविला. जातिभेद मनांतून गळून पडला. आणि पूर्ण खात्री झाल्यावर १९०० सालीं राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. स्वतः विचार करणें हीही एक अंगची शक्ति आहे व तीही वापरानेंच वाढते.

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक निवर्तले. त्या वेळीं लक्ष्मीबाई पन्नाशीच्या झाल्या होत्या. त्यांनीं मुंबईस मुलींच्या वसतिगृहांत मेट्रनचें काम पत्करिलें. पुढें कुटुंबासह कराचीसही कांहीं काळ राहिल्या. टिळकांचें एक मोठें काम अपुरें राहिलें होतें. प्रभु येशूचें चरित्र ओवीबद्ध सांगणारें 'ख्रिस्तायन' त्यांनीं आरंभिलें होतें, पण दहाअकरा अध्यायांवर तें थांबलें. महाकवीचें अपुरें काव्य हातीं घेण्यास विद्वानही कचरले असते. जिला शाळा ठाऊक नाहीं, जिला शुद्धलेखन अखेरपर्यंत नीट साधलें नाहीं असें सांगतात, त्या बाईनें त्यांत ६४ अध्यायांची भर घातली. एका दमांत एवढें काम होत नाहीं. आज कांहीं ओव्या, उद्यां कांहीं ओव्या, असा नेम वर्षानुवर्षें चालविल्यावांचून ६४ अध्याय उभे राहत नाहींत.

त्यांचें दुसरें काम तर याहून थोर ठरलें. चिरंजीव देवदत्त यांस वडिलांच्या चरित्रासाठीं माहिती हवी होती. म्हणून त्यांनीं आईस आठवणी लिहावयास सांगितल्या. त्या आठवणी 'संजीवनी' या नियतकालिकांत येऊं लागल्या व १९३४ पासून 'स्मृतिचित्रें' या नांवानें पुस्तकरूपानें चार भागांत निघाल्या. मराठींतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते. त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. १९३६ च्या फेब्रुवारींत नाशिक येथें लक्ष्मीबाईंचें देहावसान झालें. म्हणजे ज्या ग्रंथानें त्यांचें नांव चिरंजीव केलें, तो त्यांच्या हयातीच्या अगदीं शेवटच्या वर्षांतला.

आतां या चरित्रांतून घ्यावयाचें काय? केवळ कष्ट करा म्हणजे मोठे व्हाल, एवढेंच सांगितलें तर तें अर्धें सत्य होईल. लक्ष्मीबाईंनीं कष्ट केले. पण कशासाठीं, हें नीट पाहिलें पाहिजे. टिळकांजवळ पांच नाण्यांचें भांडवल होतें व लक्ष्मीबाईंजवळ एका नाण्याचें, असेंच त्या काळीं कोणीही म्हटलें असतें. ज्याच्याजवळ एकच नाणें आहे त्यालाच तें पुरून ठेवण्याचा मोह अधिक होतो. कारण शेजारच्या पांचांपुढें आपलें एक त्याला लाजिरवाणें वाटतें. वर्गांतील हुशार मुलाकडे पाहून हात आंखडून बसणारे विद्यार्थी आम्ही नित्य पाहतों. लक्ष्मीबाईंनीं टिळकांसारखें पांडित्य आणण्याचा हव्यास धरिला नाहीं. तीक्ष्ण स्मरण, खोडकर विनोद, स्वतःलाही हंसण्याचें धैर्य, आणि चुलीपाशीं बोलली जाणारी सरळ मराठी, एवढें त्यांचें स्वतःचें धन. तेंच त्यांनीं चलनांत आणिलें. म्हणूनच त्यांच्या ग्रंथाची भाषा आजही शिळी झालेली नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, मदत घेण्यांत त्यांनीं कमीपणा मानिला नाहीं. पतीनें शिकविलें तें त्या शिकल्या. मुलानें सुचविलें तें त्यांनीं मनावर घेतलें. प्रयत्न करणें म्हणजे एकट्यानेंच झुंजणें नव्हे. जो मुलगा आपणांस समजलें नाहीं हें गुरुजींस सांगत नाहीं, तो अभिमानाच्या नांवाखालीं आपलें नाणें पुरतच असतो. आणि जो बाप वर्गांत पहिली येणाऱ्या मुलीला दहावीनंतर घरीं बसवितो, तो तर दुसऱ्याचें नाणें पुरतो. त्याचा जाब मुलीला नव्हे, त्यालाच द्यावा लागेल.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, आपली अडचण आणि आपली सबब एकदां कागदावर वेगवेगळी लिहून काढा. घरीं दिवा नाहीं, ही अडचण असेल. शाळेच्या खोलींत तासभर थांबून ती दूर होते कीं नाहीं तें गुरुजींना विचारा. अक्षर वाईट आहे, ही सबब. रोज एक पान लिहा. आपल्यांत कांहींच गुण नाहीं, ही तर सर्वांत मोठी सबब, कारण देवानें रित्या हातानें कोणासही पाठविलेलें नाहीं. कोणाचा गुण गळ्यांत असेल, कोणाचा हातांत, कोणाचा आजाऱ्याची शुश्रूषा करण्याच्या धीरांत. तो किती मोठा आहे हें मोजीत बसूं नका. हिशेब मागणारा धनी किती दिलें होतें तें विसरत नाहीं. पण त्याचें काय केलें, एवढेंच तो विचारतो.