विश्लेषण : लूव्रसाठी वस्तू पळवणाऱ्यानेच इजिप्तचे संग्रहालय कसे उभारले?

गिझाच्या पिरॅमिडांजवळील ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’चे १ नोव्हेंबर २०२५ रोजी औपचारिक उद्घाटन झाले. इजिप्तकडे दाखवण्याजोगा एवढा ठेवा शिल्लक राहिला, हेच खरे तर नवल. एकोणिसाव्या शतकात तिथले पुतळे, शवपेट्या आणि ममी बोटी भरभरून लंडन, पॅरिस, तुरिन आणि बर्लिनकडे जात होत्या. या ओघाला पहिला टिकाऊ बांध घातला ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाने. गंमत म्हणजे, त्याआधी ते स्वतः याच वाटेने वस्तू बाहेर नेत होते.

मारिएत इजिप्तला कशासाठी गेले?

मारिएत यांचा जन्म १८२१चा, फ्रान्सच्या बुलोन-सुर-मेर या बंदराच्या गावातला. ते शिक्षक होते. शाम्पोलियनच्या इजिप्त मोहिमेत चित्रकार म्हणून गेलेले त्यांचे एक नातलग, नेस्तोर लोत, १८४२ मध्ये वारले. त्यांची कागदपत्रे लावण्याचे काम मारिएत यांच्याकडे आले आणि त्यातून चित्रलिपीचे वेड लागले. पुढे लूव्र संग्रहालयात किरकोळ नोकरी मिळाली. १८५० मध्ये लूव्रने त्यांना कॉप्टिक हस्तलिखिते विकत घेण्यासाठी इजिप्तला पाठवले. मात्र आधी येऊन गेलेल्या इंग्रजांच्या वर्तनामुळे मठवासी सावध झाले होते. हस्तलिखिते मिळण्याची चिन्हे दिसेनात.

लूव्रला काय मिळाले?

सक्काराच्या वाळूत मारिएत यांना एका स्फिंक्सचे डोके वर आलेले दिसले. तिथल्या वाळूत गाडल्या जाणाऱ्या स्फिंक्सचे वर्णन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने करून ठेवले होते, ते त्यांना आठवले. हस्तलिखितांसाठीच्या पैशांतून त्यांनी सुमारे तीस मजूर लावले आणि खोदकाम सुरू केले. स्फिंक्सच्या रांगेचा माग काढत ते नोव्हेंबर १८५१ मध्ये सेरापियमच्या भुयारात शिरले. पवित्र एपिस बैलांची ही दफनभूमी. तिथे एकेका दगडातून कोरलेल्या प्रचंड शवपेट्या होत्या.

इजिप्तच्या सरकारने काम थांबवण्याचा हुकूम काढला, पहारेकरी बसवले. पुढे मर्यादित वस्तू नेण्याची मुभा मिळाली. मारिएत मात्र रात्री खोदत राहिले आणि सापडलेले लपवून बाहेर पाठवत राहिले. काही हजार वस्तू लूव्रला पोहोचल्या. आज लूव्रमध्ये असलेला ‘बसलेला लेखनिक’ हा प्रसिद्ध पुतळाही सक्काराच्या याच कामातला.

मग बाजू का बदलली?

पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास मोहम्मद अली यांनी १८३५ मध्येच बंदी घातली होती. कैरोत एक संग्रहही जमवला होता. पण राज्यकर्ते त्यातून पाहुण्यांना भेटी देत राहिले. १८५५ मध्ये सईद पाशा यांनी उरलासुरला संग्रह ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक मॅक्सिमिलियन यांना देऊन टाकला. तो आज व्हिएन्नात आहे. कायदा होता, पण तो राबवणारे खाते नव्हते. दुसरीकडे मंदिरांचे दगड चुनाभट्ट्यांत आणि कारखान्यांच्या बांधकामात जात होते.

हे मारिएत यांनी जवळून पाहिले होते. सुएझ कालव्याचे फर्दिनां द लेसेप्स यांच्या शिफारशीचाही उपयोग झाला. जून १८५८ मध्ये सईद यांनी त्यांना पुरावस्तूंचे प्रमुख नेमले. आता जे सापडेल ते लूव्रचे नव्हे, तर कैरोचे होते.

संग्रह कसा जमला?

आधी बोटीवरच्या झटापटीतून! १८५९ मध्ये थीब्जजवळ राणी आहहोतेपची शवपेटी मारिएत यांच्या माणसांना सापडली. केनाच्या सुभेदाराने ती परस्पर उघडली आणि सोन्याचे दागिने व्हाइसरॉयची मर्जी संपादन करण्यासाठी बोटीने धाडले. ममीची मात्र वासलात लागली. मारिएत यांनी स्वतःच्या वाफेच्या बोटीने मधेच गाठून दांडगाईने दागिने ताब्यात घेतले. सईद यांना या प्रकाराची मजा वाटली. त्यांनी नाईलकाठच्या बुलाक येथील संग्रहालयाला पाठबळ दिले. ऑक्टोबर १८६३ मध्ये नवे व्हाइसरॉय इस्माईल यांच्या हस्ते ते उघडले.

बाकीचा संग्रह उत्खननातून आला. मारिएत यांनी तीसहून अधिक ठिकाणी खोदकाम केले. गिझातला खाफ्रे राजाचा पुतळा, सक्काराचा ‘शेख अल-बलद’ हा लाकडी पुतळा, मैदूमचे राहोतेप-नोफ्रेत हे जोडपे, हे सारे त्याच काळातले.

खरी कसोटी कधी लागली?

१८६७च्या पॅरिस प्रदर्शनात आहहोतेपचे दागिने पाहून सम्राज्ञी यूजेनी यांनी ते मागितले. कर्जासाठी युरोपकडे पाहणाऱ्या इस्माईल यांना थेट नकार देणे अवघड होते. त्यांनी निर्णय मारिएत यांच्यावर सोपवला. मारिएत यांनी आपल्याच देशाच्या सम्राज्ञीला नाही म्हटले. दागिने कैरोला परतले.

१८७८च्या पुरात बुलाकचे संग्रहालय पाण्याखाली गेले. वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि रेखाटने वाहून गेली. जानेवारी १८८१ मध्ये मारिएत बुलाकलाच वारले.

या कामाची दुसरी बाजू कोणती?

मारिएत यांची उत्खनने वेठबिगारीवर चालली. गावोगावचे शेतकरी सक्तीने आणले जात. घाईच्या कामात नोंदी अपुऱ्या राहिल्या. इतर संशोधकांना त्यांनी खोदू दिले नाही. सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणजे, इजिप्शियन तरुणांना चित्रलिपी शिकवणाऱ्या शाळेकडे त्यांनी संशयाने पाहिले. तिथल्या विद्यार्थ्यांना संग्रहालयाची दारे बंद राहिली. त्यांच्यापैकी अहमद कमाल यांना संग्रहालयात जागा मिळाली ती मारिएत यांच्या निधनानंतर. वारसा देशात राहिला, पण त्याच्या किल्ल्या परक्यांच्याच हाती होत्या.

संग्रह बुलाकहून गिझाला आणि १९०२ मध्ये तहरीर चौकातील इमारतीत गेला. तिच्या बागेत मारिएत यांची दगडी शवपेटी आणि पुतळा आहे. भोवती अर्धवर्तुळात इजिप्तविद्येतील थोरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत अहमद कमालही आहेत.