रँग्लर परांजपे : आधार मिळालेला आणि आधार देणारा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची निवड केली. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, गणिताशी आमचा संबंध कचेरीतील अंदाजपत्रकापुरताच. तरीही हे चरित्र आम्हांस जवळचे वाटते, कारण त्यात बुद्धीइतकाच आधाराचाही वाटा आहे.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातील आंजर्ल्याजवळच्या मुर्डी या खेड्यात झाला. मुलगा हुशार होता. परंतु कोकणातील खेड्यांत त्या काळी हुशार मुलांची उणीव नव्हती, उणीव होती ती पुढील शिक्षणाच्या सोयीची. ती उणीव नात्यातील एका थोरल्या बंधूने भरून काढली. हे बंधू म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून वंदनीय ठरलेले. कर्वे स्वतः लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगरघाट तुडवीत पायी गेले होते आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नव्हते. दारातून परत फिरावे लागण्याचे दुःख ते जाणून होते. मुंबईत शिकवण्या करून ते संसार चालवीत. त्याच तुटपुंज्या मिळकतीत त्यांनी रघुनाथास आपल्या घरी ठेवून घेतले आणि मराठा हायस्कूलमध्ये शिकविले. १८९१ साली कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. रघुनाथरावांचे महाविद्यालयीन शिक्षणही तेथेच झाले.

१८९६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा दरारा मोठा होता. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतील अग्रेसरास ‘सीनियर रँग्लर’. या परीक्षेची तयारी केवळ व्याख्याने ऐकून होत नसे. खाजगी मार्गदर्शक थोड्या विद्यार्थ्यांना घेऊन बसत, उदाहरणे सोडवून घेत आणि चूक कोठे झाली ते दाखवीत. अत्यंत बुद्धिमान विद्यार्थ्यांनाही अशा नित्य देखरेखीची गरज भासे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८९९ साली परांजपे जॉर्ज बर्टविसल यांच्या जोडीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. साऱ्या देशात आनंदाची लाट उसळली.

सेंट जॉन्सची फेलोशिपही त्यांना मिळाली. मोठ्या हुद्द्याची, मोठ्या पगाराची द्वारे खुली होती. परांजपे मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द पाळून परतले आणि अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. १९०२ पासून १९२४ पर्यंत ते तेथे प्राचार्य होते. या व्यापात स्वतःचे गणितातील संशोधन मागे पडले, हे मान्य केले पाहिजे. सीनियर रँग्लराकडून जगाने ज्या नव्या सिद्धान्तांची अपेक्षा केली असती, ते झाले नाहीत. त्या जागी विद्यार्थ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या प्राचार्यपदाच्या काळात फर्ग्युसनमध्ये शिकलेले गणेश सखाराम महाजनी पुढे स्वतः केंब्रिजचे रँग्लर झाले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि नंतर राजस्थान व दिल्ली येथील विद्यापीठांचे कुलगुरू झाले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस आणखी एक गोष्ट आवडेल. १९३२ ते १९३८ या काळात परांजपे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, अशी पदे भूषवून ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

हे सारे लिहिताना आम्हांस एक मुलगा राहून राहून आठवतो. काही वर्षांपूर्वी गावाकडून आपल्या या शहरात विज्ञान शिकावयास आलेला. शाळेत सदैव पहिला. गणेशोत्सवात तो नेमाने आरतीला येई. आम्ही त्याच्या हातावर प्रसाद ठेवला, गाव विचारले, आडनाव विचारले. अभ्यास कसा चालला आहे, हे मात्र विचारले नाही. पहिल्याच सत्रात तो गणितात अनुत्तीर्ण झाला, लाजेने घरी कळविले नाही आणि वर्षअखेर शिक्षण सोडून परत गेला. आम्हांस हे तो गेल्यावर कळले. आपल्या सभासदांत तेव्हाही निवृत्त अभियंते होते, गणिताचे प्राध्यापक होते. मंडळाची खोली रविवारी रिकामीच असे.

सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून काय करावे याविषयी सूचना मागविल्या आहेत. आमची सूचना अल्प खर्चाची आहे. त्या खोलीत एक फळा लावावा, आणि दर रविवारी सकाळी आपल्यापैकी दोघांनी तेथे नवागत मुलामुलींसाठी बसावे. पहिल्या रविवारी खोली उघडण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.